दार उघडणारा हिशेबनीस

लहान मुलाच्या हातात खेळण्यातली मोटार द्यावी आणि गंमत पाहावी. चाके फिरतात की नाही हे ते एकदाच तपासते. त्यानंतर त्याचे नख जाते ते थेट दाराच्या रेघेत. दार उघडले तर मूल आत डोकावते, स्टिअरिंग कुठे आहे, मागची सीट कशी आहे हे बघून घेते आणि घरातला एखादा चिंचोका 'ड्रायव्हर' म्हणून आत बसवून टाकते. दाराची नुसतीच रेघ कोरलेली असेल तर मात्र दोन दिवसांत ती मोटार पलंगाखाली गेलीच म्हणून समजा.

काही मुले मोठी झाल्यावरही ते नख आवरत नाहीत. बंद दारांची छोटी मोटार किंवा व्हॅन आणायची, बारीक करवतीने तिचे दार कापून वेगळे करायचे आणि बिजागरीवर पुन्हा बसवून ते खरोखर उघडेल असे करायचे, हा छंद जोपासणारे हौशी कारागीर देशोदेशी आहेत. वरवर पोरखेळ वाटतो, पण हिशेब करून पाहा. मोटार मूळ आकाराच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याची असेल, तर तिचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा म्हणजे खऱ्या मोटारीवरचा चार सेंटिमीटरहून जाड पत्रा झाला. एवढ्या जाड भिंतीत बसवलेले दार साध्या बिजागरीवर फिरवायला गेले की त्याची कड शेजारच्या पत्र्यावर अडते. म्हणून पितळेची तार हंसाच्या मानेसारखी वाकवून नळीत बसवावी लागते. तसे केले म्हणजे दार आधी थोडे बाहेर येते आणि मग वळते.

हे झाले साध्या दाराचे. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलची दारे पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडत, कारण नळ्यांच्या सांगाड्यामुळे तिच्या कडेचा उंबरा इतका उंच झाला होता की नेहमीसारखे दार बसवायला जागाच उरली नव्हती. तिच्या प्रतिकृतीत बिजागरी छपरात दडवावी लागते आणि उघडलेले दार वरच टिकून राहील अशी सोय करावी लागते. व्हॅनचे सरकते दार आधी पत्र्याच्या जाडीइतके बाहेर यायला हवे आणि मगच रुळावरून मागे जायला हवे. इसेटा नावाच्या अंड्याएवढ्या मोटारीचे तर आख्खे नाकच दार होते, आणि दार उघडले की स्टिअरिंगही त्याच्याबरोबर बाहेर येई. असे एक दार जमवण्यात कारागिराचे कित्येक रविवार जातात.

या मंडळींच्या टेबलावर हमखास दिसणारे एक माप म्हणजे १:४३. चाळीस नाही, पन्नास नाही, त्रेचाळीसच का? ते आले खेळण्यातल्या आगगाडीवरून. त्या गाड्यांत खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरत. भागाकार केला की साडेत्रेचाळीस येतात. त्या आगगाड्यांच्या शेजारी उभ्या करायला म्हणून ज्या छोट्या मोटारी निघाल्या, त्यांच्याबरोबर हे माप मोटारींच्या दुनियेत आले. त्या आगगाड्या आणि त्या मोटारी, दोन्हींमागे माणूस एकच होता. त्याचे नाव फ्रँक हॉर्नबी. तो इंजिनिअर नव्हता. वयाची चाळिशी उलटेपर्यंत तो दुसऱ्यांच्या वह्या लिहीत होता.

वखारीतला कारकून

फ्रँकचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूल शहरातल्या कॉपरस हिल या रस्त्यावर झाला. वडील जॉन हॉर्नबी किराणा आणि खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. लिव्हरपूल म्हणजे त्या काळचे मोठे बंदर. गोद्या, बोटी आणि माल उचलणाऱ्या यांत्रिक याऱ्या यांनी गजबजलेल्या गावात हा मुलगा वाढला. शाळेत त्याने फारसे दिवे लावले नाहीत. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्याच पेढीवर रोखपाल म्हणून बसला. सॅम्युअल स्माइल्सचे स्वावलंबनावरचे पुस्तक त्याच्या हाती पडले होते. सामान्य घरातल्या संशोधकांच्या त्या कहाण्यांनी त्याच्या डोक्यात यंत्रांचे वेड भरवले. पण हत्यारे बेताची आणि शिक्षण त्याहून बेताचे, त्यामुळे बरेचसे प्रयोग अर्ध्यावरच राहात.

१८८७ साली त्याने क्लारा गोडफ्रॉय या शिक्षिकेशी लग्न केले. रोलंड आणि डग्लस हे दोन मुलगे आणि पॅट्रिशिया ही मुलगी अशी तीन अपत्ये झाली. १८९९ मध्ये वडील वारले आणि पेढी बंद पडली. छत्तिशीतला, बायकामुलांचा हा माणूस डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून नोकरीला लागला.

बँकेत माझी उभी हयात अशाच वह्यांच्या सहवासात गेली, म्हणून या माणसाविषयी मला विशेष आपुलकी वाटते. हिशेबनिसाच्या कामात एक शिस्त असते. प्रत्येक नोंद तिच्या रकान्यात बसली पाहिजे आणि कुठलीही बेरीज उभी-आडवी जुळली पाहिजे. बाहेरच्याला हे काम रुक्ष वाटते. पण हॉर्नबीने पुढे जे केले त्याचे मूळ त्याच्या यंत्रवेडात जितके आहे, तितकेच या रकान्यांतही आहे असे मला वाटते.

अर्ध्या इंचाचे भोक

संध्याकाळी घरी आल्यावर तो मुलांसाठी पत्र्याची खेळणी करी. कधी पूल, कधी ट्रक, कधी यारी. प्रत्येक खेळण्याचे सुटे भाग तो हाताने कापे, आणि इथेच अडे. यारीसाठी कापलेला तुकडा पुलाला चालत नसे. मुलांना नवे काही हवे झाले की पुन्हा पत्रा, पुन्हा कात्री आणि पुन्हा जागरण. नाताळच्या सुमारास आगगाडीने जाताना खिडकीतून एक यारी दिसली आणि कल्पना सुचली, असे तो पुढे सांगत असे. ती कल्पना अशी: खेळणे करायचेच नाही, करायचे ते फक्त तुकडे. पट्टी अर्धा इंच रुंद ठेवायची आणि तिच्यावर दर अर्ध्या इंचावर एकसारखे भोक पाडायचे. मग कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला नट-बोल्टने जोडता येईल. आज त्याच तुकड्यांची यारी होईल, उद्या पूल होईल आणि परवा मोटार.

वाचायला किती सोपे! पण त्या काळची खेळणी आठवली म्हणजे यातले धाडस कळते. खेळणे म्हणजे कारखान्यात पुरे झालेली वस्तू. मुलाने ती चालवायची, मोडायची आणि मोडल्याबद्दल मार खायचा. खेळणे उकलणे हा अपराध होता. हॉर्नबीच्या खेळात मात्र उकलल्याशिवाय पुढचे पाऊलच पडत नव्हते.

आणि दाराचे म्हणाल तर तेही त्या भोकातच होते. दोन पट्ट्या एका बोल्टवर ओवायच्या, पहिला नट जरा सैल ठेवायचा आणि तो फिरू नये म्हणून वरून दुसरा आवळायचा. झाला फिरता सांधा! पुढे त्याच्या संचात छोट्या तयार बिजागऱ्याही आल्या. कुठल्या बाजूने उघडायचे, वर, खाली की आडवे, हे मुलाने ठरवायचे.

पाच पौंड

कल्पनेचे पेटंट घ्यायचे तर पैसे हवेत, आणि हिशेबनिसाकडे पैसे कुठले? जानेवारी १९०१ मध्ये त्याने आपल्या मालकाकडून, म्हणजे एलियटकडून, पाच पौंड उसने घेतले. आमच्या भाषेत बोलायचे तर तारण शून्य, जामीनदार नाही आणि प्रकल्प म्हणजे भोके पाडलेल्या पट्ट्या. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर नियमाने तो परतच गेला असता. पण कर्ज देणारा रोज त्या माणसाची वही पाहात होता. त्याची नोंद चुकत नाही, हे त्याला ठाऊक होते. पतपुरवठ्याचे हे सर्वांत जुने सूत्र कुठल्याच नियमपुस्तकात नीट उतरलेले नाही.

त्या वर्षाअखेर पेटंट मिळाले. तयार खेळणी विकणाऱ्या कंपन्यांकडे त्याने खेटे घातले, पण कुणी उभे केले नाही. शेवटी एलियटच भागीदार झाला आणि कचेरीच्या शेजारच्याच जागेत काम सुरू झाले. १९०२ मध्ये 'मेकॅनिक्स मेड ईझी' या लांबलचक नावाने पहिला संच बाजारात आला. सोळा प्रकारचे भाग, बारा नमुन्यांची पुस्तिका आणि किंमत साडेसात शिलिंग. पेटी दिसायला ओबडधोबड होती, पट्ट्यांच्या कडा खरबरीत होत्या. लिव्हरपूलच्या विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकवणारे प्राध्यापक हेली-शॉ यांना हॉर्नबी भेटला. त्यांनी या खेळाचे शैक्षणिक मोल ओळखले आणि तसे शिफारसपत्र दिले, त्याचा मोठा उपयोग झाला. १९०३ साली सुमारे दीड हजार संच विकले गेले, तरी नफा शून्यच होता. या काळात त्या घराचे कसे चालले असेल याचा विचार केला की क्लाराबाईंपुढे हात जोडावेसे वाटतात.

१९०७ मध्ये नाव बदलून 'मेकॅनो' झाले. पुढल्या वर्षी मेकॅनो लिमिटेड स्थापन झाली, तेव्हा एलियटने त्या कंपनीत न येण्याचे ठरवले. पाच पौंडांचा सावकार इथून पुढे या गोष्टीत दिसत नाही. धंदा मात्र वाढतच गेला. १९१२ पर्यंत पॅरिस आणि बर्लिनमध्ये शाखा निघाल्या आणि १९१४ मध्ये लिव्हरपूलच्याच बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. १९१६ मध्ये 'मेकॅनो मॅगझिन' हे मासिक आणि १९१९ मध्ये मुलांचे 'मेकॅनो गिल्ड' सुरू झाले. १९२६ पासून चकचकीत पट्ट्यांना लाल आणि हिरवा रंग मिळाला. पुढे गिअर, डिफरन्शियल आणि स्टिअरिंग खरोखर चालणाऱ्या मोटारीच्या सांगाड्याचा नमुनाही कंपनीने मुलांपुढे ठेवला. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी गणिताची समीकरणे सोडवणारे यंत्र बरेचसे मेकॅनोच्या भागांतून उभे केले. खेळण्याची पेटी प्रयोगशाळेत जाऊन बसली, याहून मोठे प्रशस्तिपत्र कुठले?

बंद दारांची व्हॅन

१९२० मध्ये हॉर्नबीने चावीवर चालणाऱ्या आगगाड्या काढल्या. पहिली गाडी मेकॅनोच्या धर्मालाच धरून होती, नट-बोल्ट काढून सुटी करता येई. पुढे मात्र गाड्या अधिकाधिक सुबक आणि तयार होत गेल्या. गाडी आली की स्टेशन हवे, स्टेशन आले की हमाल, प्रवासी आणि बाहेर उभ्या मोटारी हव्यात. १९३३ च्या अखेरीस सहा छोट्या वाहनांचा एक संच निघाला. त्यात दोन मोटारी, एक ट्रक, एक माल पोचवणारी व्हॅन, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा होता. १९३४ मध्ये त्यांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळाले आणि त्या नावाने पुढे जग जिंकले. त्याच वर्षी आलेल्या व्हॅनच्या अंगावर निरनिराळ्या कंपन्यांच्या जाहिराती होत्या. त्यांतल्या एकीवर हॉर्नबीच्याच आगगाड्यांची होती.

त्या व्हॅनची दारे मात्र उघडत नव्हती. धातूचा रस साच्यात ओतायचा आणि निघालेल्या ठोकळ्याला रंग द्यायचा. दाराची जागा दाखवायला एक रेघ पुरे. कारण उघड आहे. दार वेगळे ओतायचे म्हणजे दुसरा साचा, बिजागरी आणि ती बसवायला आणखी दोन हात. एवढे करून ती वस्तू खाऊच्या पैशांत देता आली नसती, आणि डिंकीचे सारे यश तर खाऊच्या पैशांतच होते. मेकॅनोची मोठी पेटी सधन घरातच जाई. डिंकीची एक मोटार मात्र गिरणीकामगाराच्या पोराच्या खिशातही मावत होती. ज्याने मुलांना उकलण्याचा हक्क दिला, त्याच्याच कारखान्यातून आता न उकलणाऱ्या मोटारी बाहेर पडू लागल्या. याला मी दोष म्हणणार नाही. पण हॉर्नबीची खतावणी मांडायची तर हे पानही लिहायलाच हवे.

१९३१ मध्ये हॉर्नबी एव्हर्टन मतदारसंघातून हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटवर निवडून गेला. तोवर तो लक्षाधीश झाला होता आणि लिव्हरपूलबाहेर मॅघल या गावी राहात होता. तब्येतीच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या, १९३५ ची निवडणूक त्याने लढवली नाही. २१ सप्टेंबर १९३६ रोजी तो वारला. मॅघलच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात त्याला पुरले. थोरला मुलगा रोलंड कंपनीचा अध्यक्ष झाला. एकेकाळी ज्याच्यासाठी पत्र्याचे पूल कापले जात होते, तोच हा मुलगा.

दारे उघडली, पण…

डिंकीची दारे उघडली ती धन्याच्या पश्चात, आणि तीही स्पर्धेच्या रेट्याने. १९५६ मध्ये कॉर्गी टॉइजने मोटारींना पारदर्शक खिडक्या बसवल्या. आत पाहता येऊ लागले की आत जावेसे वाटणारच. मग बॉनेट उघडू लागले, डिकी उघडू लागली आणि दारेही उघडू लागली. १९६५ मध्ये कॉर्गीने जेम्स बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन काढली. तिचे छप्पर उघडून आतला खलनायक बाहेर उडे. पाठोपाठ डिंकीने 'थंडरबर्ड्स' या मालिकेतली लेडी पेनेलोपीची गुलाबी मोटार आणली, तिचे पारदर्शक छप्पर सरकत होते. वर्षानुवर्षे नुसती रेघ पाहून हिरमुसलेल्या नखांना अखेर न्याय मिळाला.

पण दाराची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. भाग वाढले तसा खर्च वाढला. १९६४ मध्ये मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्स या बड्या खेळणी-उद्योगाच्या ताब्यात गेली. मालक बदलत गेले, तोटा काही बदलला नाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद झाल्याची घोषणा झाली. कामगारांनी आत ठाण मांडले, पण ते कुलूप पुन्हा निघाले नाही. त्या कारखान्यात राबणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. लाखो मुलांच्या मोटारींना रंग आणि चाके लावणाऱ्या त्या हातांची नावे कुठल्याही चरित्रात नाहीत.

डिंकीचे काही जुने साचे त्याआधीच आपल्या देशात, कोलकात्याला आले होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे 'निकी टॉइज' नावाने त्या मोटारी निघत. लिव्हरपूलच्या साच्यातली आणि बंगाली हातांनी रंगवलेली ती मोटार आज संग्राहक शोधत फिरतात. भोकांच्या पट्ट्यांचा खेळही आपल्याला परका राहिला नाही. 'मेकॅनिक्स'ची पेटी आपल्याकडच्या कितीतरी घरांत सुट्टीत उघडली गेली आहे आणि फरशीवर हरवलेला नट शोधत घरातली वडीलधारी मंडळी ओणवी झालेली आहेत.

हॉर्नबीच्या आयुष्याचा ताळेबंद काढायचा तर दोन रकाने पडतात. एकीकडे पट्ट्या, भोके आणि नट-बोल्ट: मुलाच्या हातात दिलेला विश्वास. दुसरीकडे सुबक, स्वस्त आणि बंद मोटारी: मुलाच्या खिशाला दिलेला मान. दोन्हींची गरज होती. पण वाढदिवसाला खेळणे घ्यायला निघालेल्या आईबापांनी पहिल्या रकान्याकडे जरा जास्त पाहावे, असे मला वाटते. दुकानात खेळणे हातात घेतले की ते किती दिवे लावते आणि किती आवाज करते हे आपण पाहतो. ते कुठून उघडते आणि उघडल्यावर पुन्हा जुळवता येते का, हेही विचारावे.

जुनी डिंकी आता कुणी कापत नाही, ती काचेच्या कपाटात सुखरूप असते. पण नव्या बंद मोटारीवर करवत चालवणारे हौशी हात रोज कुठे ना कुठे कामाला लागलेले असतात. दाराची रेघ सुईने खोल करतात, कानशीने कड घासतात, नळीत तार ओवतात आणि श्वास रोखून दार फिरवून पाहतात. अडले तर पुन्हा काढतात, तार अंमळ वाकवतात आणि पुन्हा बसवतात. हॉर्नबीच्याच मापाच्या मोटारीवर ते हॉर्नबीचाच पहिला धडा गिरवत असतात. ते दार उघडले म्हणजे आत चिंचोका बसवायला शेजारी एखादे मूल असले की झाले.